बाजारगेटने आत, चर्चगेटने बाहेर : मुंबईचा कोट पायी कसा पाहावा

मुंबईचा फोर्ट भाग पाहायला येणारी बहुतेक मंडळी तेथील वास्तू एकेक करून, सुट्या सुट्या पाहतात. बोरीबंदरच्या स्थानकासमोर छायाचित्र काढले जाते, टॅक्सीने गेटवे गाठले जाते, जाता जाता राजाबाई टॉवर दिसतो आणि दिवस संपतो. त्या वास्तू सुंदर आहेतच. पण त्या तेथेच का उभ्या राहिल्या, त्यांची तोंडे त्याच दिशेला का आहेत, आणि दोन-तीनशे पावलांच्या अंतरात गल्लीबोळांचे दाट गावठाण संपून एकदम प्रशस्त मैदान कसे लागते, या प्रश्नांची उत्तरे अशा पाहण्यातून मिळत नाहीत. ती उत्तरे आज अस्तित्वात नसलेल्या एका तटबंदीत आहेत. म्हणून या भागाची पहिली फेरी त्या तटाच्या हिशेबाने करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे : बाजारगेटने कोटात शिरावे, चर्चगेटने बाहेर पडावे आणि मग तटाच्या बाहेरील अंगाने दक्षिणेला अपोलो गेटच्या दिशेने जावे.

निघण्यापूर्वी एवढा इतिहास डोक्यात असला म्हणजे पुरे. पोर्तुगीजांनी १६६१च्या विवाहकरारानुसार मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली, आणि राजाने ती १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. कंपनीचे ठाणे होते आजच्या नौदल गोदीलगत, समुद्राच्या काठी. त्याच्याभोवती वस्ती वाढली आणि अठराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत तिला तट घातला गेला. पूर्वेला समुद्र आणि गोदी. उत्तरेला बाजारगेट, पश्चिमेला चर्चगेट आणि दक्षिणेला अपोलो गेट असे तीन मुख्य दरवाजे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा मराठे आता मुंबईवर येणार या धास्तीने तटाबाहेर खंदक खणायचे ठरले, आणि कोटातील व्यापाऱ्यांनी त्यासाठी तीस हजार रुपये उभे करून दिले. वसईचा विजय आपण शाळेत शिकतो. पण त्याची मुंबईच्या रचनेवर उमटलेली ही खूण फारशी कोणाला ठाऊक नसते. शत्रू आला तर तोफांच्या माऱ्याला मोकळी जागा हवी म्हणून तटाबाहेरची झाडे-घरे काढून मैदान राखले गेले. आजची आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज ही मैदाने त्याच मोकळ्या पट्ट्याचे उरलेले तुकडे आहेत. मुंबईत खेळायला जागा उरली ती तोफांमुळे, हे लक्षात ठेवून ती मैदाने पाहावीत.

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर तटाला कारण उरले नाही. तो अडचणीचा, रोगट खंदकाचा आणि गर्दीचा ठरला, आणि गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६०च्या दशकात, तो पाडण्यात आला. मोकळ्या झालेल्या जागेवर सरकारने आपल्या भव्य इमारती उभ्या केल्या. थोडक्यात, तटाच्या आत जुने व्यापारी गाव आणि तटाच्या रेषेवर व तिच्याबाहेर नवे, दगडी, दिमाखदार शहर, ही विभागणी आजही पायांना जाणवते.

वेळेचे म्हणाल तर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील रविवारची सकाळ सर्वांत चांगली. कचेऱ्या बंद असल्याने रस्ते मोकळे असतात आणि मान वर करून उभे राहिले तरी कोणाचा धक्का लागत नाही. मात्र उच्च न्यायालयासारख्या वास्तू आतून पाहायच्या असतील तर कामाचाच दिवस निवडावा लागतो आणि ओळखपत्र जवळ ठेवावे लागते. त्यामुळे बाहेरून पाहण्याची एक फेरी रविवारी आणि आत जाण्याची दुसरी फेरी आठवड्यात, असे दोन भाग करणे शहाणपणाचे. सगळे अंतर साधारण चार किलोमीटर आहे. थांबत थांबत गेल्यास चार तास सहज लागतात. शक्य असल्यास छोटी दुर्बीण न्यावी, कारण येथील उत्तम कोरीवकाम नजरेच्या बरेच वर आहे. गोदीच्या भिंतीलगत आणि न्यायालयाच्या आवारात छायाचित्रण करू नये.

सुरुवात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून करावी. ही जागा कोटाबाहेरची, बोरीबंदरची. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला जाणारी पहिली प्रवासी गाडी येथूनच सुटली. आजची इमारत एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्याप्रमाणे १८७८ मध्ये सुरू होऊन दहाएक वर्षांत पुरी झाली आणि २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. समोरच्या पदपथावरून प्रथम फाटकाच्या खांबांवरील सिंह आणि वाघ पाहावेत. सिंह इंग्लंडचा आणि वाघ हिंदुस्थानचा. मग नजर मधल्या घुमटावर न्यावी. त्याच्या टोकावर मशाल उंचावलेली स्त्री आहे, ती प्रगतीची मूर्ती. त्याखाली घड्याळ आहे आणि घड्याळाखालील कोनाडा रिकामा आहे. तेथे व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता, तो स्वातंत्र्यानंतर काढण्यात आला. दर्शनी भिंतीवरील गोल चौकटींमध्ये रेल्वे कंपनीच्या संचालकांचे चेहरे कोरलेले आहेत, आणि त्यांत पागोटे घातलेले जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट आहेत. मुंबईत रेल्वे यावी म्हणून खटपट करणाऱ्या या मुरबाडकर गृहस्थाला शोधल्याशिवाय मराठी माणसाने येथून पुढे जाऊ नये. मोर, माकडे, पानेफुले हे बारीक काम सर जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. लोकलच्या तिकीटघरात शिरून वरच्या ताऱ्यांच्या छताकडेही एकदा पाहावे. रोज लाखो माणसे त्याखालून जातात आणि कोणी मान वर करत नाही. समोरचे महापालिकेचे मुख्यालयही स्टीव्हन्स यांचेच, १८९३ मध्ये पूर्ण झालेले. पुढे फिरोजशहा मेहता उभे आहेत.

येथून टपाल कार्यालयाच्या अंगाला वळावे. जॉन बेग यांनी बांधलेली ही इमारत १९१३ मध्ये पुरी झाली, आणि तिचा घुमट पाहताच विजापूरच्या गोलघुमटाची आठवण होते, कारण नमुना तोच घेतला आहे. स्थानकाच्या गॉथिक, म्हणजे टोकदार, कमानींपासून इतक्या जवळ दख्खनी घुमट येतो, यावरून मधल्या पंचवीस वर्षांत सरकारची आवड किती बदलली ते समजते. याच परिसरात, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या बाजूला, जुन्या किल्ल्याच्या भिंतीचा एक तुकडा शिल्लक आहे. तट म्हणजे किती जाड प्रकरण होते हे त्यावरून कळते, म्हणून थोडी वाट वाकडी करून तो अवश्य पाहावा.

आता पेरीन नरिमन स्ट्रीटला लागावे. हाच जुना बाजारगेट रस्ता. येथे तटाचा उत्तर दरवाजा होता. दरवाजा गेला, पण शिरताक्षणी फरक पडतो. रस्ता आखडतो, घरे एकमेकांना खेटतात, लाकडी सज्जे डोक्यावर येतात. पारशी, गुजराती, बोहरा आणि हिंदू व्यापाऱ्यांची ही जुनी वस्ती. फेब्रुवारी १८०३च्या आगीत या भागातील घरे मोठ्या संख्येने जळली. त्यानंतर लोकांना कोटाबाहेर वसण्यास उत्तेजन देण्यात आले आणि उत्तरेकडील नव्या वस्तीला जोर चढला. त्यामुळे आज दिसणारी घरे त्या आगीनंतरची आहेत, पण गल्ल्यांची वळणे बरीचशी जुनीच राहिली आहेत. बोरा बाजारातून चालताना दुकानांच्या पाट्यांपेक्षा वरच्या मजल्यांकडे लक्ष द्यावे : ओतीव लोखंडाचे कठडे, कोरलेल्या तुळया, रंग उडालेल्या झडपा. या गल्ल्यांमध्ये अग्याऱ्या आहेत, त्यांतील बनाजी लिमजी अग्यारी मूळची १७०९ची, म्हणजे मुंबईतील सर्वांत जुनी. पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नाही. बाहेरूनच, रस्त्याच्या पलीकडून पाहावे आणि दारात रेंगाळू नये. इराण्याच्या हॉटेलात बन-मस्का आणि पानी-कम चहा घ्यायचा असेल तर तो याच टप्प्यावर घ्यावा, पुढे तसे निवांत ठिकाण लवकर लागत नाही.

गल्ल्या संपतात तेथे हॉर्निमन सर्कल उघडते. माझ्या मते कोट समजून घेण्याचे हेच खरे केंद्र आहे, आणि येथे किमान एक तास द्यावा. कंपनीच्या काळात हे उघडे पटांगण होते. कापसाच्या गासड्यांच्या राशी येथे पडत; १८४४ मध्ये तो बाजार कुलाब्याला हलवला गेला. पुढे पोलीस आयुक्त चार्ल्स फोर्जेट यांच्या पुढाकाराने मधे गोल बाग आणि भोवती एकसारख्या उंचीच्या, कमानींच्या इमारतींचे कडे अशी रचना झाली, ती १८७२च्या सुमारास पुरी झाली. नाव तेव्हा एल्फिन्स्टन सर्कल. स्वातंत्र्यानंतर ते बेंजामिन हॉर्निमन या संपादकाचे झाले, ज्यांना जालियनवाला बागेच्या सुमारास सरकारविरुद्ध निर्भीडपणे लिहिल्याबद्दल १९१९ मध्ये हद्दपार करण्यात आले होते. एका गव्हर्नरच्या जागी एका इंग्रज पत्रकाराचे नाव ठेवावेसे वाटले, याचे मला फार कौतुक वाटते. १८२२ पासून अखंड निघणाऱ्या ‘मुंबई समाचार’ या गुजराती वर्तमानपत्राची लाल इमारतही येथेच आहे. टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली १८५०च्या दशकात शेअरदलाल जमत. त्यांच्यातूनच पुढे १८७५ मध्ये मुंबईच्या शेअर बाजाराची संस्था उभी राहिली.

बागेच्या पूर्वेला टाऊन हॉल, म्हणजे आपले एशियाटिक. कर्नल टॉमस कूपर यांच्या आराखड्याची ही इमारत १८३३ मध्ये पुरी झाली. सुरुवातीला सोडत काढून पैसा उभा करण्याचा प्रयत्न झाला, तो अपुरा पडला, आणि शेवटी खर्चाचा मोठा वाटा कंपनी सरकारला उचलावा लागला. तीस पायऱ्या आणि वर डोरिक धाटणीचे आठ खांब : गॉथिकचे वेड शहराला लागण्याच्या आधीची ही ग्रीक शिस्त आहे, आणि म्हणून बोरीबंदरनंतर ती ताबडतोब वेगळी वाटते. १८०४ मध्ये जेम्स मॅकिन्टॉश यांनी स्थापलेल्या साहित्य संस्थेची परंपरा येथील एशियाटिक सोसायटी चालवते. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्याच्या स्तूपात सापडलेली दगडी पेटी आणि तीतील अवशेष संस्थेने जपले आहेत. भारतरत्न पां. वा. काणे यांचे संशोधन आणि दुर्गाबाई भागवतांचे वाचन या ग्रंथालयाच्या आधाराने झाले. नाना शंकरशेटांचा संगमरवरी पुतळा येथे पुन्हा भेटतो. कामाच्या दिवशी वर जाऊन वाचनालयाची उंच दालने शांतपणे, वाचकांना त्रास न देता पाहावीत. इमारतीच्या मागे नौदलाच्या हद्दीत जुना कॅसल, म्हणजे कंपनीचे मूळ ठाणे, आहे, पण तेथे सर्वसामान्यांना जाता येत नाही.

सर्कलच्या पश्चिमेला सेंट थॉमस कॅथेड्रल आहे. गव्हर्नर जेराल्ड आँजिए यांच्या काळात याचे काम सुरू झाले, मग भिंती कित्येक दशके तशाच अर्धवट उभ्या राहिल्या आणि १७१८च्या नाताळात ते उपासनेसाठी खुले झाले. आत शिरल्यावर वेदीपेक्षा भिंतींवर वेळ घालवावा, कारण भिंती संगमरवरी स्मारकांनी भरलेल्या आहेत. गव्हर्नर जोनाथन डंकन यांचे स्मारक शोधावे. बनारस आणि काठेवाड येथील बालहत्येची प्रथा बंद पाडण्याच्या त्यांच्या प्रयत्नांचा त्यावर उल्लेख आहे. कित्येक पाट्यांवर मृत्यूच्या वेळचे वय विशीतले किंवा तिशीतले आहे. ज्वर, अतिसार आणि लढाया यांनी हे ठाणे किती माणसे गिळली ते त्या वयांवरून समजते. शहराचे अंतर याच चर्चपासून मोजले जाई. रोमन आकडे कोरलेले मैलाचे दगड काळबादेवीपासून दादरच्या पलीकडेपर्यंत बसवलेले होते, त्यांतील काही अलीकडे शोधून पुन्हा उभे करण्यात आले आहेत.

चर्चच्या दारातून पश्चिमेला सरळ जाणारा रस्ता आज वीर नरिमन मार्ग म्हणून ओळखला जातो. चर्चकडून निघून तटाच्या दरवाजाला भिडणारा तो रस्ता, म्हणूनच तो दरवाजा चर्चगेट. त्या नावाचे रेल्वे स्थानक बरेच पुढे आहे, त्यामुळे दरवाजाही तेथेच असावा असा समज होतो. प्रत्यक्षात तो होता हुतात्मा चौकात, फ्लोरा फाउंटनच्या जागी. या रस्त्याने चौकात पोहोचताना पावले मुद्दाम हळू टाकावीत. अरुंद रस्ता संपून सर्व बाजूंनी आकाश मोकळे होते, तेथे आपण तट ओलांडलेला असतो.

कारंजे १८६४चे. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, शिल्पकाम जेम्स फोर्साइथ यांचे, दगड इंग्लंडमधील पोर्टलंडचा. वर फुलांची रोमन देवता फ्लोरा आहे. हे कारंजे आधी भायखळ्याच्या राणीच्या बागेत बसवायचे ठरले होते. तट पडला, जागा मोकळी झाली आणि ते येथे आले. २०१८-१९च्या सुमारास त्याची दुरुस्ती झाली, तेव्हा जवळच रस्त्याखाली ट्रामचे जुने रूळ सापडले. १९६४ मध्ये शेवटची ट्राम थांबली होती.

मात्र कारंजे पाहून वळू नये. शेजारी हुतात्मा स्मारक आहे, आणि मराठी वाचकासाठी या साऱ्या फेरीतील सर्वांत महत्त्वाची जागा हीच आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी करत गिरणगावातून आणि शहरभरातून आलेला मोर्चा विधानसभेच्या दिशेने निघाला असता येथे गोळीबार झाला आणि पंधरा माणसे मृत्युमुखी पडली. पुढील महिन्यांत बळींची संख्या शंभरावर गेली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, आणि चौकाला हुतात्म्यांचे नाव मिळाले. स्मारकावर कामगार आणि शेतकरी एकच मशाल धरून उभे आहेत. पायथ्याशी नावे आहेत. ती वाचावीत, आडनावे आणि गावे कोणकोणत्या थरांतील आहेत ते पाहावे. त्या वेळची विधानसभा कोठे होती हेही लक्षात ठेवावे : काळा घोडा भागात, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासमोरील दगडी इमारतीत, जेथे आता राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. आपली पुढची वाट मोर्चाला जेथे पोहोचू दिले गेले नाही, तिकडेच जाते.

त्याआधी मात्र पश्चिमेला वळून ओव्हल मैदान गाठावे. वाटेत क्रॉस मैदानाच्या कडेला भिखा बेहराम यांची विहीर लागते. १७२५ मध्ये तटाबाहेर खणलेल्या या विहिरीला समुद्राच्या इतक्या जवळ असूनही गोड पाणी लागले. मंडपात फक्त पारशी-इराणी भाविकांनी जायचे असते, त्यामुळे कठड्याबाहेरूनच दर्शन घ्यावे.

ओव्हलच्या मध्यावर जाऊन पूर्वेकडे तोंड करून उभे राहावे. दक्षिणेकडून उत्तरेकडे जुने सचिवालय, विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर, मग उच्च न्यायालय अशी रांग दिसते. ही सारी १८६७ ते १८७८ या काळातील कामे. तेव्हा समुद्र आजच्या रेल्वेमार्गाच्या लगत होता, म्हणून या सर्व इमारतींनी तोंडे पाण्याकडे केली आहेत. आता मागे वळावे : १९३०च्या दशकातील आर्ट डेको शैलीच्या गोलाकार सज्ज्यांच्या इमारती समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर उभ्या आहेत. मैदानाच्या दोन काठांवर अशी दोन शतके समोरासमोर आहेत, आणि हा संपूर्ण समूह २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरला.

पैसा कोठून आला, हे येथेच सांगितले पाहिजे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेना, आणि हिंदुस्थानच्या कापसाचा भाव गगनाला भिडला. वऱ्हाड, खानदेश आणि गुजरात येथील कापूस मुंबईतून गेला आणि दलालांच्या हाती अमाप पैसा आला. त्यांच्यातील अग्रणी प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचे नाव असावे ही त्यांची अट होती. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, प्रेमचंदही त्यात सापडले. पण देणगी टिकली. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईला कधीही न येता आखलेला हा सुमारे ८५ मीटर उंचीचा मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. दुर्बीण येथे काढावी. मनोऱ्याच्या कोपऱ्यांवर पश्चिम भारतातील निरनिराळ्या समाजांच्या पेहरावातील पुतळे आहेत. ते रावबहादुर मुकुंद रामचंद्र या आपल्याकडच्याच अभियंत्याने घडवले. दगडही पारखून पाहावा : भिंतींचे अंग कुर्ल्याच्या पिवळसर, टणक दगडाचे, आणि नक्षी पोरबंदरच्या मऊ दगडाची. म्हणूनच भिंती ताठ राहिल्या आहेत आणि पाऊस व खारा वारा यांनी पानाफुलांची टोके मात्र बोथट केली आहेत.

उच्च न्यायालयाची इमारत कर्नल जेम्स फुलर यांची. खांबांवरील कोरीवकामात हातात तराजू आणि एका डोळ्यावर पट्टी असलेले माकड आहे. त्यामागची कथा सांगणारे अनेक भेटतील, पण आधी माकड पाहावे. कामाच्या दिवशी प्रवेशपत्र मिळाले तर मध्यवर्ती न्यायदालनापर्यंत जावे. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा येथे झाली. ज्युरीने दोषी ठरवले तरी आपण निर्दोषच आहोत, असे त्यांनी तेथे सांगितले. ते शब्द १९५६ मध्ये दालनाबाहेर संगमरवरावर कोरण्यात आले. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्यानेच ते शब्द आपल्या भिंतीवर लावले, म्हणून ते तेथे जाऊनच वाचावेत.

महात्मा गांधी मार्गाने दक्षिणेला निघाले की तटाची पश्चिम रेषा साधारण आपल्या डाव्या हाताला राहते. वॅटसन हॉटेलचा लोखंडी सांगाडा इंग्लंडहून तुकड्यातुकड्याने आणून १८६९ मध्ये उभा केला गेला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलत्चित्रे येथे दाखवली गेली आणि हिंदुस्थानात सिनेमा आला. या इमारतीची आजची अवस्था पाहून वाईट वाटते. पुढे डेव्हिड ससून वाचनालय, १८७०चे, आणि आतल्या गल्लीत १८८४चे निळे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग. काळा घोडा हे नाव ज्यावरून पडले तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये येथून हलवून राणीच्या बागेत नेला. २०१७ मध्ये बसवलेल्या नव्या घोड्यावर कोणीच स्वार नाही, आणि ते योग्यच आहे. जवळच्या मार्गाचे रॅम्पार्ट रो हे जुने नाव तटाचेच.

येथून संग्रहालय आणि गेटवे ही जॉर्ज विटेट यांची दोन कामे हाकेच्या अंतरावर आहेत. संग्रहालयाला वेगळा दिवस द्यावा. इमारत १९१४ मध्ये पुरी झाली, महायुद्धात लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली आणि १९२२ मध्ये लोकांसाठी उघडली. गेटवे पालवा बंदरावर ४ डिसेंबर १९२४ रोजी खुले झाले, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश पलटणीची अखेरची तुकडी त्याच कमानीतून परत गेली. समोर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा १९६१ पासून आहे.

पायांत बळ उरले असेल तर परतताना शहीद भगतसिंग मार्गाने यावे. गोदीचे सिंहद्वार लागते त्या परिसरात अपोलो गेट होते, आणि भिंतीपलीकडे १७५०ची कोरडी गोदी आहे, जेथे सुरतेहून १७३६ मध्ये आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने सागवानी जहाजे बांधली. त्यांतील १८१७चे ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये अजून तरंगते आहे. हाच रस्ता पुन्हा एशियाटिकच्या पायऱ्यांपाशी येतो. तेथून भुयारी मेट्रोचे हुतात्मा चौक स्थानक दहा मिनिटांवर आणि बोरीबंदर पंधरा मिनिटांवर आहे.